वेबसाइटलाही हवी फेरफाराची वही

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी शाळा सुटायच्या वेळी आमची एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. दहावीला चांगले गुण मिळवून अकरावीला गेलेली मुलगी. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, पासबुकाची झेरॉक्स, सगळे क्रमाने लावलेले. वडील रात्रपाळी करून आले होते, डोळे लाल होते. म्हणाले, "मॅडम, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा आहे. तीस तारीख शेवटची आहे ना? अजून दोन दिवस आहेत."

शेवटची तारीख २० होती. आठ दिवस होऊन गेले होते.

तीस हा आकडा त्यांनी कुठे पाहिला, असे मी विचारले. मुलीने मोबाइल पुढे केला. पडद्यावर आमचीच साइट होती.

ही साइट म्हणजे काही फार मोठे काम नाही. माजरीसारख्या कोळशाच्या गावात घराघरांतून वेगवेगळ्या भाषा बोलल्या जातात, खाणीत पाळीने काम करणाऱ्या आईबापांना शाळेच्या सूचना फलकापर्यंत यायला वेळ नसतो. म्हणून आम्ही दोघा शिक्षकांनी आणि नागपुरात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मिळून चार वर्षांपूर्वी मराठी आणि उर्दूत सात-आठ पाने तयार केली. कोणता फॉर्म कधी भरायचा, कोणती कागदे लागतात, वसतिगृहाचे अर्ज कुठे मिळतात, एवढेच त्यावर असते. घरे विश्वासाने पाहत होती. त्या विश्वासाचीच किंमत त्या मुलीने मोजली.

आता घडले काय ते सांगते. पान बनवताना २० च्या जागी ३० टाइप झाले होते. ती चूक मला त्याच रात्री दिसली आणि मी दुरुस्त केली. दोन दिवसांनी आमच्या सरांना त्याच पानावरचा एक फोन नंबर बदलायचा होता. त्यांच्या कॉम्प्युटरवर त्या पानाची जुनी प्रत होती, म्हणजे माझ्या दुरुस्तीच्या आधीची. त्यांनी तिच्यात नंबर बदलला आणि आख्खे पान पुन्हा सर्व्हरवर चढवले. नवा नंबर आला, माझी दुरुस्ती गेली. सर्व्हरने ना त्यांना विचारले, ना मला कळवले. एक फाइल दुसऱ्या फाइलवर ठेवली की खालची नाहीशी होते, एवढाच त्याचा कायदा.

त्या संध्याकाळी सर आणि मी चांगलेच भांडलो. मी म्हणत होते, मी दुरुस्त केले होते. ते म्हणत होते, मी तारखेला हातच लावला नाही. दोघेही खरे बोलत होतो आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. माझ्या कॉम्प्युटरवर त्या पानाच्या पाच फायली निघाल्या: 'नवीन', 'नवीन २', 'फायनल', 'फायनल खरी' आणि एक 'फायनल सरांची'. यातली कोणती कोणत्या दिवशी साइटवर होती, ते मलाही सांगता येईना.

ईदच्या सुट्टीत माझा भाचा आला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे ऐकून म्हणाला, "खाला, नानांच्या शेताचा सातबारा आहे ना तुमच्याकडे? तो आणा."

मला वाटले, पोरगा विषय बदलतो आहे. पण सातबारा समोर ठेवून त्याने जे समजावले ते मी पुढे दहा जणांना समजावले आहे, म्हणून इथेही तसेच सांगते.

सातबाऱ्यावर आज जमीन कोणाच्या नावे आहे ते दिसते. आमचे अब्बा अल्लाहला प्यारे झाले तेव्हा अम्मी, आम्ही बहिणी आणि भाऊ अशी सगळ्यांची नावे लागली. अब्बांचे नाव खोडून नाहीसे केले नाही, ते कंसात गेले, आणि शेजारी एक क्रमांक आला. तो फेरफार क्रमांक. तो घेऊन तलाठ्याकडे गेले की गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही उघडते. कोणत्या तारखेला, कोणाच्या अर्जावरून, कोणत्या कागदाच्या आधारे, काय बदलले, सगळे तिथे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० प्रमाणे नोंद घेतली की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो तेव्हाच ती पक्की होते. ज्यांची जमीन खाणीत गेली आहे त्या घरांना हे सांगायची गरजच नाही. मोबदल्याच्या एकेका कागदासाठी त्यांनी फेरफाराचे आकडे तोंडपाठ केलेले असतात.

भाचा म्हणाला, "तुमच्या साइटला सातबारा आहे, पण फेरफाराची वहीच नाही."

कॉम्प्युटरच्या दुनियेत या वहीला 'व्हर्जन कंट्रोल' म्हणतात. मराठीत आवृत्त्यांची नोंद ठेवणे म्हणू या. ज्याने मराठी विकिपीडिया पाहिला आहे त्याने ही वही पाहिलीच आहे. कोणत्याही पानाच्या वर 'इतिहास पहा' असे लिहिलेले असते. त्यावर बोट ठेवले की पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक बदल, बदलणाऱ्याचे नाव आणि वेळ समोर येते. आपल्या साइटच्या फायलींसाठी हेच काम करणारा सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रोग्राम म्हणजे 'गिट'.

गिटचा जन्म एका अडचणीतून झाला. लिनक्स या मोफत प्रणालीवर जगभरातले हजारो लोक काम करत होते आणि बदलांची नोंद ठेवायला एका कंपनीचा प्रोग्राम वापरत होते. २००५ मध्ये त्या कंपनीने फुकट वापराची परवानगी काढून घेतली. लिनक्स सुरू करणारे फिनलंडचे लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्या एप्रिलच्या सुरुवातीला स्वतःच नवा प्रोग्राम लिहायला घेतला आणि काही दिवसांतच गिटचे स्वतःचे बदल गिटमध्येच नोंदले जाऊ लागले. जुलैपासून त्याची देखरेख जुनिओ हमानो यांच्याकडे गेली, ती आजही त्यांच्याकडेच आहे. प्रोग्राम मोफत आहे, साध्या जुन्या लॅपटॉपवर चालतो.

गिटमध्ये तुमच्या साइटच्या फोल्डरचे एक दफ्तर बनते. काही बदल केला की तुम्ही त्याची नोंद करता, तिला 'कमिट' म्हणतात. नोंदीत तुमचे नाव, वेळ, आणि बदल का केला याची एक ओळ असते. प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षरांचा एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक मनाने दिलेला नसतो. त्या वेळचा मजकूर आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक, दोन्ही मिळून हिशोबाने निघतो. म्हणून मागची एखादी नोंद कोणी गुपचूप बदललीच तर तिच्यानंतरचे सगळे क्रमांक बदलतात आणि चोरी उघडी पडते. असली सोय तलाठ्याच्या कागदी वहीतही नव्हती.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. दफ्तर एकाच ठिकाणी नसते. सरांच्या कॉम्प्युटरवर, माझ्या कॉम्प्युटरवर, नागपूरच्या मुलाकडे आणि इंटरनेटवरच्या सामायिक जागी, सगळीकडे संपूर्ण इतिहासासह पूर्ण प्रत असते. एक लॅपटॉप जळाला तरी काही जात नाही.

आता आमच्या भांडणाकडे वळते. गिट असते तर त्या दिवशी काय झाले असते? मी तारीख बदलून नोंद केली असती आणि ती सामायिक दफ्तरात पाठवली असती, म्हणजे 'पुश' केली असती. सरांनी आपल्या जुन्या प्रतीत नंबर बदलून पुश करायचा प्रयत्न केला असता तेव्हा गिटने दार लावले असते: तुमच्याकडे नसलेली एक नोंद इथे आहे, आधी ती घ्या. त्यांनी ती घेतली असती, म्हणजे 'पुल' केली असती. तारखेची ओळ आणि फोनची ओळ पानावर एकमेकींपासून लांब होत्या, त्यामुळे गिटने दोन्ही बदल आपोआप एकत्र केले असते. आणि दोघांनी एकाच ओळीला हात लावला असता तर गिट थांबले असते, दोन्ही मजकूर एकाखाली एक दाखवून म्हणाले असते, तुम्हीच ठरवा. ते अंदाजाने कोणाचीच बाजू घेत नाही.

शेवटची प्रत कोणती, हा प्रश्न खाणीच्या गावात फालतू वाटू नये. २४ जुलै २००२ ला अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात क्वेक्रीक नावाच्या कोळसा खाणीत कामगार भिंत तोडत असताना शेजारच्या बंद पडलेल्या खाणीचे पाणी एकदम आत घुसले. त्यांच्याकडच्या नकाशाप्रमाणे ती जुनी खाण अजून बरीच लांब होती. नकाशा खोटा नव्हता, जुना होता. बंद होण्याआधी तिथे शेवटी जेवढे कोळसा काढण्याचे काम झाले ते त्या प्रतीवर आलेच नव्हते. नऊ जण सुमारे ७७ तास पाण्याने वेढलेल्या अंधारात अडकले. वरून भोक पाडून, लोखंडी पिंजऱ्यातून नऊही जण जिवंत निघाले, अल्लाहचे आभार. आमच्या शेजारी निवृत्त ओव्हरमन राहतात. त्यांना ही हकीकत सांगितली तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "नकाशावर तारीख बघितल्याशिवाय आम्ही पाय टाकत नव्हतो."

नोंद झाली, पण ती साइटवर कशी पोचते? इथेच लोक गडबडतात, म्हणून जरा थांबून सांगते. पूर्वी आम्ही फायली हाताने सर्व्हरवर ओढून टाकायचो. यात तीन धोके असतात. एक, जुनी प्रत चढते. दोन, दहा फायलींपैकी नऊ चढतात आणि वीज जाते. तीन, एखादी फाइल राहून जाते आणि कळतही नाही. तिसऱ्याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर बाजारातल्या कंपनीचे आहे. तिचा नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर टाकायचा होता, टाकणाऱ्याकडून एक राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ ला सकाळी बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवरच्या जुन्या प्रोग्रामने भलतेच सौदे करायला सुरुवात केली. सुमारे पाऊण तासात कंपनीचे ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झाले. आपल्याकडे डॉलर नसतात, शिष्यवृत्ती असते.

गिटने फायली हाताने उचलायचे कामच संपते. सामायिक दफ्तरात पक्की नोंद पोचली की तिथूनच साइट आपोआप नवी होते. आमची पाने साधी आहेत, त्यांना मागे डेटाबेस नाही, म्हणून आम्ही गिटहबची 'पेजेस' ही मोफत सोय घेतली. पुश केले की मिनिट-दोन मिनिटांत साइट बदलते. तयार साइट एक जीबीच्या आत ठेवावी लागते, महिन्याला साधारण १०० जीबीपर्यंतची ये-जा चालते, आणि १०० एमबीपेक्षा मोठी फाइल दफ्तरात घेतलीच जात नाही. आमची सगळी साइट मोबाइलवरच्या एका लग्नाच्या व्हिडिओहून लहान आहे, तेव्हा ही चिंता नाही. आमचे आधीचे डोमेन नावही तसेच राहिले.

ज्या संस्थेचा स्वतःचा सर्व्हर आहे तिने वेगळे करावे. सर्व्हरवर एक कोरे दफ्तर ठेवायचे, आणि त्यात नोंद आली की फायली साइटच्या फोल्डरमध्ये मांडणारी दोन-तीन ओळींची सूचना लिहून ठेवायची. जाणकार मुलाला हे तासाभराचे काम आहे. पण त्याला एक गोष्ट बजावून सांगा. गिटचा सगळा इतिहास '.गिट' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो. ते फोल्डर साइटच्या उघड्या भागात राहिले तर परका माणूस ते उतरवून घेऊन तुमची आजवरची प्रत्येक नोंद वाचू शकतो. घराचे दार बंद करून चावी पायपुसण्यावर ठेवण्यासारखे आहे ते.

आणि ज्यांची साइट वर्डप्रेसवर आहे, पुष्कळ शाळांची तशीच असते, त्यांनी भ्रमात राहू नये. तिथे लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये जातो, फायलींमध्ये नाही. गिट फायली सांभाळेल, डेटाबेसची प्रत वेगळी काढावी लागेल. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या गिटचीच सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. त्यांच्या बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, वेळेवर एकही धड कामाला आली नाही आणि सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. ग्राहकांची गिटमधली दफ्तरे मात्र शाबूत राहिली, कारण ती वेगळी होती. त्या कंपनीने काहीही न लपवता सगळे जाहीर केले, याचे मला कौतुक वाटते. आम्हा दोघा शिक्षकांना एकमेकांसमोरही कबूल करायला आठवडा लागला होता.

आपल्याच देशात हे काम किती मोठ्या प्रमाणात झाले ते तुम्ही पाहिले आहे, फक्त नाव माहीत नसेल. करोनाच्या काळात आपण सगळे रोज 'कोविड १९ इंडिया' या साइटवर जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे बघायचो. चंद्रपूर काय, गडचिरोली काय, बोट ठेवले की आकडा. ती सरकारी नव्हती, स्वयंसेवकांनी चालवलेली होती. तिचा प्रोग्राम आणि आकड्यांच्या फायली गिटहबवर सर्वांसाठी उघड्या होत्या. ३१ ऑक्टोबर २०२१ ला स्वयंसेवकांनी काम थांबवले. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे घरांत कोंडलेली असताना एकाच साइटवर काम करू शकली, याच्यामागे ही फेरफाराची वही होती.

आता भाषेचे थोडे. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून हा माझा खास दुखरा भाग आहे. गिट मजकूर ओळीओळीने तपासते. आपल्याला परिच्छेद एका दमात टाइप करायची सवय, मग आख्खा परिच्छेद गिटच्या लेखी एकच ओळ. त्यात एक नुक्ता बदलला तरी ते म्हणते, ही ओळ बदलली, आणि नक्की काय बदलले ते शोधत बसा. उपाय सोपा आहे. प्रत्येक वाक्यानंतर एंटर मारा. पानावर दिसायला काही फरक पडत नाही.

दुसरे म्हणजे जुन्या फायली. आमच्याकडे उर्दूचे कितीतरी साहित्य जुन्या इनपेजमध्ये पडले होते आणि मराठीचे कृतिदेव, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये. इनपेजच्या फाइलमध्ये गिटला आतले काहीच वाचता येत नाही, फक्त फाइल बदलली एवढेच सांगते. कृतिदेवमधला मराठी मजकूर त्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. सगळे युनिकोडमध्ये आणायला आम्हाला दिवाळीची आख्खी सुट्टी लागली. तिथेही एक गंमत. नुक्ता असलेला 'ज़' युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा ज आणि नुक्ता असे दोन तुकडे म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखे, गिटला वेगळे. 'नमाज़' शब्द असलेल्या ओळी कोणीही न बदलता बदललेल्या दिसायला लागल्या तेव्हा मी डोके धरून बसले होते. सरांच्या मोबाइलचा कीबोर्ड एक प्रकार लिहितो, माझा कॉम्प्युटर दुसरा. शेवटी मराठी पानांवर नुक्ताच वापरायचा नाही असे ठरवले. उर्दूच्या शिक्षिकेला हा निर्णय घेताना काय वाटले असेल ते समजून घ्या.

नोंदीची ओळ काय लिहावी? सुरुवातीला सर प्रत्येक नोंदीत 'अपडेट' लिहायचे. चाळीस नोंदी, चाळीस वेळा अपडेट. मी त्यांना वहीत 'अभ्यास केला' एवढेच लिहिणाऱ्या मुलाची आठवण करून दिली. जुन्या लिथोवर छापलेल्या उर्दू पुस्तकांच्या शेवटी गलतनामा असायचा, अमुक पानावर अमुक ओळीत हे चुकले, ते असे वाचा. तेवढे नेमके हवे. आता सर लिहितात: 'वसतिगृह पान, अर्जाची शेवटची तारीख १५ वरून २२, परिपत्रक पाहून.' परिपत्रक पाहून, हे दोन शब्द आम्ही सक्तीचे केले आहेत.

आणखी एक नियम केला, तो थेट फेरफारावरून उचलला आहे. तारीख किंवा रक्कम बदलायची असेल तर कोणीही सरळ पक्क्या शाखेवर नोंद करायची नाही. आधी बाजूच्या कच्च्या शाखेवर करायची आणि दुसऱ्याला दाखवायची. दुसरा जण जुनी ओळ लाल आणि नवी ओळ हिरवी अशी समोरासमोर पाहतो, परिपत्रकाशी ताडतो आणि मंजूर करतो, तेव्हाच ती साइटवर जाते. आमचा हरकतीचा काळ १५ दिवसांचा नसून इशाच्या नमाजपर्यंतचा असतो. सरांनी कॉम्प्युटर न उघडता मोबाइलवरूनही हे सगळे करायला शिकून घेतले, तेही पन्नाशी पार केल्यावर.

याचा उपयोग फेब्रुवारीत झाला. सरांनी उर्दू पानावरचे एक वाक्य काढताना खालची वसतिगृहांची आख्खी यादी काढली, आणि मी घाईत न वाचता मंजुरी दिली. दोघांची चूक. मी तेव्हा भद्रावतीला बसस्टँडवर उभी होते. एका आईचा फोन आला, "टीचर, यादी कुठे गेली?" मोबाइलवर इतिहास उघडला, शेवटची नोंद दिसली, ती उलटवली. बस यायच्या आत यादी परत जागेवर होती. उलटवणे म्हणजे खोडणे नव्हे, हे लक्षात ठेवा. चुकीची नोंदही राहते, तिला उलटवणारी नवी नोंदही राहते. कोणी कोणावर ओरडले नाही. रात्री सरांनी फोन करून एवढेच विचारले, "मंजुरी तुम्हीच दिली होती ना?"

हीच न विसरणारी वही अंगावरही येऊ शकते. मोफत खात्यावरून पेजेस वापरायची तर दफ्तर सर्वांसाठी उघडे ठेवावे लागते. त्यात एकदा टाकलेली गोष्ट नंतर पुसली तरी जुन्या नोंदीत राहते. म्हणून पासवर्ड, मुलांचे आधार क्रमांक, मुलींचे फोटो आणि नंबर, देणगीदारांची नावे, यातले काहीही त्या फोल्डरमध्ये ठेवू नका. आमच्या माजी विद्यार्थ्याने सुरुवातीला मेलचा पासवर्ड एका फाइलमध्ये लिहून ठेवला होता. लक्षात येताच त्याने ती फाइल काढली आणि काम झाले म्हणाला. भाच्याने मागची नोंद उघडून तोच पासवर्ड आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. असे झाले तर फाइल पुसण्यात वेळ घालवू नका, आधी पासवर्ड बदला. विद्यार्थ्यांची यादी आम्ही कागदाच्या रजिस्टरमध्येच ठेवतो, कपाटात, कुलूप लावून.

त्या मुलीला त्या वर्षीची रक्कम मिळाली नाही. आम्ही दोघांनी तिच्या वडिलांकडे जाऊन चूक कशी झाली ते सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळे बाकीच्या मुलांना तारीख कळते, आता हे सोडून द्या." यावर्षी तिचा फॉर्म आम्ही पहिल्याच आठवड्यात भरला.

एक काम अजून बाकी आहे. साइटचे डोमेन नाव नागपूरच्या मुलाच्या खासगी ईमेलवर घेतलेले आहे, आणि दरवर्षी त्याचे पैसे भरायची आठवण फक्त त्यालाच येते. उद्या त्याने नोकरी बदलली, ईमेल बंद पडला, तर गिटमध्ये पाने सुरक्षित असूनही साइटचा पत्ताच हातातून जाईल. ते खाते तिघांच्या हातात आणायचे आहे. मुदत संपायची तारीख मी स्टाफरूमच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे, आणि या खेपेला ती सरांकडून तपासून घेतली आहे.